जुन्यातून नव्यात नेणाऱ्या वंदनाताई

आमच्या ऑफिसच्या खिडकीत जुने फोन ओळीनं मांडून ठेवलेले असायचे. कुणाची काच तडकलेली, कुणाचा कोपरा उडालेला. एकाला मागचं झाकणच नव्हतं, त्याला रबरबँड लावलेला. नवीन माणूस जिना चढून वर आला की त्याला वाटायचं, इथं मोबाईल दुरुस्त करून मिळतात. खाली बियाण्यांचं दुकान, त्यामुळं दुकानात आलेली माणसंही अधूनमधून चार्जर मागायला वर डोकवायची.

हे फोन वंदनाताई राठोड यांचे. त्यांनी एकही विकत घेतलेला नव्हता. ओळखीच्या कुणी नवा फोन घेतला की त्या सरळ म्हणायच्या, "जुना टाकणार असशील तर मला दे." मग त्या फोनला मालकाच्या गावाचं नाव चिकटायचं. एक सेनगाव, एक वसमत, एक कळमनुरी. "मीनाक्षी, सेनगाव चार्जिंगला लाव गं," असं त्या मला सांगायच्या. किंवा, "कळमनुरी आज लई तापून राहिलं." शेजारी बसलेल्याला वाटायचं, बायका उन्हाळ्याच्या गप्पा मारतायत.

मी त्या ऑफिसात फोन घ्यायचं काम करायचे. मला प्रोग्रामिंग येत नाही. हिंगोलीत कदम सरांची ही छोटी कंपनी होती. शेतकरी गट, दूध संकलन केंद्रं, दवाखाने, शिकवण्या अशांना मोबाईलची अ‍ॅप करून द्यायची. अ‍ॅप अडलं की लोक फोन करणार, तो मी उचलणार आणि आतल्या मुलांना सांगणार. माझी खुर्ची दाराजवळ आणि वंदनाताईंची खिडकीजवळ, मधे एक पाण्याचा जार. त्यामुळं जवळपास तीन वर्षं मी त्यांना रोज बघत होते.

त्या आमच्याकडं आल्या त्याला कारण घडलं होतं. आमची सगळी अ‍ॅप ज्या एका सॉफ्टवेअरच्या साधनावर बनवलेली होती, ते साधन बनवणाऱ्या परदेशातल्या कंपनीनं ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. कदम सरांनी पहिल्यांदा फारसं मनावर घेतलं नाही. सुतारानं ज्या अवजारानं कपाट केलं ते अवजार पुढं बाजारात मिळेनासं झालं, तरी कपाटाला काही होत नाही. मलाही तसंच वाटलं होतं. पण फोन दरवर्षी बदलत राहतात आणि अ‍ॅपला त्यांच्याबरोबर बदलावं लागतं. ज्यानं बदलायचं ते साधनच राहिलं नाही, की एकेक करून अ‍ॅप नव्या फोनवर उघडेनाशी होतात. तसे फोन यायला लागले. "म्याडम, नवा मोबाईल घेतला, त्याच्यात तुमचं येऊन राहिलं न्हाई." रोज एक, मग रोज चार-पाच. तेव्हा कदम सर हलले. ही सगळी अ‍ॅप जुन्या साधनातून काढून नव्यात नेऊन बसवायला माणूस पाहिजे होता, आणि त्या वंदनाताई मिळाल्या.

त्या पुसेगावजवळच्या एका तांड्यावरच्या. नांदेडला इंजिनिअरिंग केलं, मग पुण्यात बरीच वर्षं नोकरी. आई गेली, वडील तांड्यावर एकटे पडले, त्यांची तब्येत बिघडली, तेव्हा पुणं सोडून परत आल्या. रोज जीपनं नाहीतर एसटीनं हिंगोलीला यायच्या. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. चष्मा दोरीनं गळ्यात, खांद्याला खाकी कापडी पिशवी, पिशवीत बडीशेपेची डबी. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "न्हाई केलं" एवढं म्हणून त्या पुन्हा कामाला लागायच्या, आणि विचारणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हायचं.

पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या मुलांचं आणि त्यांचं बिनसलं. मुलांना वाटत होतं, बाई आल्या, आता भराभर नवं लिहायला घेतील. यांनी आठवडाभर काहीच लिहिलं नाही. जुनं अ‍ॅप खिडकीतल्या फोनवर टाकून त्या ते वापरत बसल्या. दूध संकलनाचं अ‍ॅप असेल तर सकाळ-संध्याकाळ खोटं दूध घालायच्या. दवाखान्याच्या अ‍ॅपमधे स्वतःचा नंबर लावून वाट बघायच्या. प्रणव म्हणून एक हुशार मुलगा होता, घाईचा. तो म्हणाला, "मॅडम, हे तर सगळं आम्हाला माहीतच आहे. आपण सरळ नवीन डिझाइन करू ना."

"आधी जसंच्या तसं," वंदनाताई म्हणाल्या. "मग चांगलं."

"पण जुन्यात चुका आहेत."

"त्या बी न्यायच्या. कुठल्या चुका कुणाला लागतात ते आपल्याला अजून कळलं न्हाई."

प्रणव हसला. मीही मनात हसलेच. चुका कुणाला लागतात?

ते आम्हाला हळदीच्या हंगामात कळलं. शेतकऱ्यांच्या एका गटाचा हळद शिजवायचा कुकर होता, ट्रॅक्टरमागं जोडून या शेतातून त्या शेतात न्यायचा. त्याची पाळी लावायचं अ‍ॅप आमचं. जुन्या अ‍ॅपमधे 'नोंद करा' हे बटण एकदा दाबून काही व्हायचं नाही, दोनदा दाबावं लागायचं. वंदनाताई त्या वेळी दवाखान्याच्या अ‍ॅपमधे अडकलेल्या होत्या, म्हणून कुकरचं अ‍ॅप प्रणवनं नव्यात नेलं, आणि ती चूक काढून टाकली. एकदा दाबलं की नोंद. अ‍ॅप सुंदर दिसत होतं. दोन-चार दिवसांनी सेनगावकडून फोन आला. ज्ञानोबा नावाचे शेतकरी होते, आवाज एकदम शांत.

"म्याडम, माझी हळद काल शिजली."

"बरं झालं की काका."

"आज पुन्हा कुकर दारात येऊन उभा राहिला. आता काय शिजवू?"

मग तसे फोन येतच राहिले. लोक सवयीनं दोनदा दाबत होते आणि प्रत्येकाच्या दोन पाळ्या लागत होत्या. ज्यांची हळद खरंच काढून पडली होती ते मागं ढकलले जात होते, आणि काढलेली हळद उघड्यावर किती दिवस ठेवणार? प्रणव म्हणाला, "सगळ्यांना मेसेज टाकू, एकदाच दाबा म्हणून."

वंदनाताईंनी चष्मा काढला. "बोटाला मेसेज वाचता येतो का रे?" त्या रागावल्या नव्हत्या. "चूक आपली व्हती, मान्य. पण आपणच त्यांच्याकडून इतकी वर्षं दोनदा दाबून घेतलं. आता ती त्यांची सवय झाली. ती काढून घ्यायची असंल तर सावकाश घ्यावी लागन."

त्यांनी स्वतः बसून अ‍ॅप असं केलं की एकदा दाबलं तरी नोंद व्हावी आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर त्याकडं अ‍ॅपनं लक्ष देऊ नये. संध्याकाळपर्यंत फोन थांबले. प्रणव त्यानंतर त्यांच्या खुर्चीशेजारी बसून काम करायला लागला. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

सगळंच त्यांचं बरोबर यायचं असं मात्र नाही. एका जत्रेचं अ‍ॅप होतं, दुकानं कुठं, पाणी कुठं, गाड्या कुठं लावायच्या ते दाखवणारं. ते नव्यात न्यायला त्यांनी कितीतरी दिवस घातले. मग मी सहज आयोजकांना फोन केला तर ते म्हणाले, ते अ‍ॅप आमच्याकडं कुणीच उघडत नाही, आम्ही फलक लावतो. वंदनाताईंना हे सांगताना मला भीती वाटत होती. त्या म्हणाल्या, "वाया गेलं माझं." आणि डबीतली बडीशेप तोंडात टाकून दुसरं काम उघडलं. कदम सर त्यांच्या संथपणावर वैतागायचे ते अगदीच उगीच नव्हतं. त्यांना घाई केली की त्या आणखी हळू व्हायच्या. मीटिंगला बोलावलं की तोंडावर "मला काय सांगायचं नसतं" म्हणायच्या. मुलांना एखादी गोष्ट दुसऱ्यांदा समजावून सांगायचा त्यांना कंटाळा होता. "कालच सांगितलं," म्हणून गप्प बसायच्या, आणि मग बिचारा पोरगा माझ्याकडं यायचा, जणू मला काही कळतं.

एकदा कदम सरांनी त्यांना बाहेरगावच्या बड्या गिऱ्हाइकांसमोर नेलं. सर बोलायच्या भरात म्हणाले, "आमच्या राठोड मॅडमच्या तर रक्तातच आहे हे. यांचे पूर्वज बैलांवर माल लादून गावोगाव न्यायचे, मॅडम अ‍ॅप नेतात." सगळे कौतुकानं हसले. वंदनाताई म्हणाल्या, "माझ्या रक्तात साखर हाय सर, डॉक्टरनं सांगितलंय. हे काम मी शिकून आलेय." तेही हसतच. सरांनी तो विनोद पुन्हा कधी केला नाही.

आता वसमतजवळच्या हट्टा गावची गोष्ट सांगते.

आमच्या अ‍ॅपच्या ढिगात 'हाक' नावाचं एक लहानसं अ‍ॅप होतं. नांदेडच्या एका डॉक्टरांच्या सांगण्यावरून कधीकाळी केलेलं. घशाच्या कॅन्सरमुळं ज्यांचा आवाजाचा अवयवच काढावा लागणार आहे, त्यांनी ऑपरेशनच्या आधी आपल्या आवाजात रोजची वाक्यं त्यात बोलून ठेवायची. नंतर फोनवर चित्र दाबलं की फोन त्यांच्या आवाजात ते वाक्य बोलतो. पाण्याचा ग्लास दाबला की "पाणी दे", चुलीचं चित्र दाबलं की "भूक लागली". वापरणारी माणसं अगदी थोडी. डॉक्टर पुढं परदेशी गेले आणि ते अ‍ॅप बेवारस झालं.

कदम सर म्हणाले, "मॅडम, हे सोडून द्या. ह्याच्यामागं आता कुणी नाही."

वंदनाताईंनी वाद घातला नाही. मला म्हणाल्या, "मीनाक्षी, ज्यांच्याकडं हे अ‍ॅप हाय त्यांना फोन लावून बघ जरा."

मी फोन लावले. ते काम मला जड गेलं. बहुतेक नंबर बंद होते. काही ठिकाणी घरच्यांनी सांगितलं की माणूस आता राहिला नाही. एका मुलीनं विचारलं, तुम्ही कोण, वडिलांना ओळखत होता का? आणि मग हट्ट्याला फोन लागला. एका बाईनं उचलला.

"मारोतराव आहेत का?"

"हायेत. पर त्ये बोलत न्हाईत. त्यांचा फोन बोलतो."

ही त्यांची सून, संगीता. मारोतराव पूर्वी वसमतच्या मोंढ्यात हळदीची हराशी, म्हणजे लिलाव, पुकारायचे. व्यापाऱ्यांच्या गर्दीत ढिगाऱ्यावर उभं राहून बोली चढवत न्यायचं काम, म्हणजे आवाजाचंच काम. तोच गेला. ऑपरेशनच्या आधी संगीतानं त्यांच्याकडून पुष्कळ वाक्यं बोलून घेतली होती. मी खुशाली विचारत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, एक तकलीफ हाय. त्यो फोन आता फुगून राहिला. पाठ वर आलीय. मालकानं नवा आणला, तर त्याच्यात तुमचं ते उघडतच न्हाई. ह्यो गेला की मग कसं?"

मी वंदनाताईंना हे सांगितलं. त्यांनी हातातलं काम बाजूला सारलं.

त्यांनी मला जे समजावलं ते असं. अ‍ॅप फोनवर पाठवताना त्याला एक चावी लावलेली असते. नवी आवृत्ती त्याच चावीची असली तरच फोन ती जुनीवर चढवू देतो, आणि आतलं सामान जागेवर राहतं. चावी दुसरी असेल तर आधी जुनं अ‍ॅप काढून टाकावं लागतं. काढलं की आतलं सगळं गेलं. म्हणजे मारोतरावांचे आवाज बाहेर काढून देणारी नवी आवृत्ती त्या जुन्या फोनवर चढवायची, तर जुनीच चावी पाहिजे. 'हाक'ची चावी त्या बंद पडलेल्या साधनानं आपल्याच एका कोपऱ्यात ठेवलेली होती, ज्या मुलानं अ‍ॅप केलं त्याच्या कॉम्प्युटरवर. तो मुलगा केव्हाच नोकरी सोडून गेला होता. वंदनाताईंनी त्याला शोधून फोन केला. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, जाताना मी मशीन साफ करून दिली. सगळे तसंच करतात."

"व्हय, सगळे तसंच करतात," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.  मग म्हणाल्या, "उद्या हट्ट्याला जाऊ. तू येशील?"

एप्रिलचं ऊन होतं. वसमतपर्यंत एसटी आणि तिथून जीप. वाटेत दोन्ही बाजूंना वाळत घातलेली हळद, त्या वासानं डोकं जड होत होतं. वंदनाताई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यात लॅपटॉप, वायरी आणि खिडकीतला सगळ्यात चांगला फोन, वसमत.

मारोतराव ओट्यावर वाट बघत बसले होते. पांढरा सदरा, गळ्याला पांढरं फडकं, त्याखाली श्वासाचं भोक. आम्हाला बघून त्यांनी खिशातून फोन काढला. खरंच त्याची पाठ फुगून आली होती. त्यांनी एक चित्र दाबलं आणि फोनमधून भरदार, खर्जातला आवाज आला, "या, बसा."

मी दचकले. समोरच्या बारीक झालेल्या माणसाचा तो आवाज वाटेना. वंदनाताईंनी हात जोडले. "बसते बाबा," म्हणाल्या, जणू ते तोंडानंच बोलले होते.

त्यांनी आधी वायरीनं प्रयत्न करून बघितला. ज्या कप्प्यात आवाज होते तो फक्त त्या अ‍ॅपलाच उघडत होता. लॅपटॉपला जोडलं की फोन तापायचा, एकदा तर मिटूनच गेला. तो पुन्हा चालू व्हायला बराच वेळ लागला. संगीता दाराला धरून उभी होती. इअरफोनचं भोक मातीनं गच्च झालेलं. वंदनाताईंनी वायरी गुंडाळून पिशवीत टाकल्या.

"आता एकच होतं," त्या म्हणाल्या. "बाबांनी एकेक दाबायचं, फोननं बोलायचं, आणि आपण ते ह्या दुसऱ्या फोनवर धरायचं. मधे दुसरा आवाज नको."

पंखा बंद केला. पोरांना बाहेर पाठवलं. म्हैस गोठ्यातून पलीकडं नेऊन बांधली. तरी शेजारच्या पिठाच्या गिरणीचा घरघराट येतच होता. वंदनाताई स्वतः उठून गिरणीत गेल्या. गिरणीवाल्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण गिरणी थांबली. थोड्या वेळानं गिरणीवालाही पीठभरल्या कपड्यांनी दारात येऊन उभा राहिला, आणि त्याच्यामागं दळण घेऊन आलेल्या बायका.

मग मारोतरावांनी सुरुवात केली. "पाणी दे." थांबायचं, वंदनाताई मान हलवणार, पुढचं. "भूक लागली." "पाऊस आला का?" "कोण बोलतंय?" "बराबर." "ठेवतो आता." नातवंडांची नावं, प्रत्येकाला हाक मारायची वेगळी तऱ्हा. घामानं आमचे कपडे अंगाला चिकटले होते. एक चित्र हळदीच्या ढिगाचं होतं. ते दाबलं आणि हराशीचा पुकारा सुरू झाला, बोली चढत चढत जाणारा, मधेच एखाद्या व्यापाऱ्याला टोमणा. दारातली माणसं न हलता ऐकत होती. गिरणीवाल्यानं डोळे पुसले आणि चेहऱ्यावर पिठाचा पट्टा उमटला.

पुढच्या चित्रावर मारोतरावांचं बोट थांबलं. त्यांनी संगीताकडं बघितलं, मग वंदनाताईंकडं, आणि हातानं खूण केली, हे नको.

"काय हाय ते?" वंदनाताईंनी विचारलं.

संगीता हसली. "मला गप बस म्हन्तात त्यात. रोज दाबतात."

मारोतरावांनी मान खाली घातली. पुन्हा तीच खूण केली, या वेळी सावकाश. नव्या फोनमधे ते न्यायचं नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. इतकी वर्षं ज्या सुनेनं त्यांच्या गळ्याचं भोक स्वच्छ केलं, तिला नव्यानं तेच ऐकवायचं नाही. सगळ्यांना ते कळलं.

 वंदनाताई संगीताकडं बघत राहिल्या.

"घ्या ताई त्ये बी," संगीता म्हणाली. पदराचा शेव बोटाला गुंडाळत होती. "ऱ्हाऊ द्या. त्याच्याबिगर घर सुनं लागन."

 मग मारोतरावांनी ते दाबलं. "गप बस गं," फोन म्हणाला. रागापेक्षा त्यात लाडच जास्त होता. दारातल्या बायका हसल्या, आणि वंदनाताईंना ते वाक्य पुन्हा धरावं लागलं.

शेवटी एकच चित्र उरलं होतं, दाराचं. मारोतरावांनी दाबलं तर फोन थरथरला आणि काळा पडला. तो पुन्हा चालू झाला नाही. वंदनाताईंनी बरेच प्रयत्न केले. मग फोन ओट्यावर उन्हापासून लांब ठेवला आणि कुणी चार्जिंगला लावू नका म्हणून बजावलं.

"काय व्हतं त्याच्यात?" मी विचारलं.

"दार लाव," संगीता म्हणाली.

मारोतराव उठले. जमलेल्या माणसांना हातानं बाजूला सारत दारापाशी गेले, दार लावून घेतलं, आणि वळून आमच्याकडं बघितलं. आवाज न करता ते हसत होते. खांदे हलत होते तेवढेच. बाहेर राहिलेल्या गिरणीवाल्यानं कडी वाजवली तेव्हा मग सगळेच हसलो.

परत येताना जीपमधे वंदनाताईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. पुढचे कितीतरी दिवस कानाला हेडफोन लावून त्या एकेक वाक्य साफ करत होत्या. कदम सरांनी एकदा विचारलं, हे कुठल्या गिऱ्हाइकाचं काम चाललंय. "हट्ट्याचं," त्या म्हणाल्या. सरांनी कान देऊन थोडं ऐकलं, आणि पुन्हा विचारलं नाही. नवं 'हाक' तयार झालं, मारोतरावांच्या नव्या फोनवर गेलं. या वेळी त्याची चावी कुठं ठेवली हे वंदनाताईंनी मला, प्रणवला आणि कदम सरांना, तिघांनाही दाखवून ठेवलं.

एका दुपारी ऑफिसचा फोन वाजला. मी उचलला.

"कोण बोलतंय?" ओळखीचा भरदार आवाज.

"मी मीनाक्षी, बाबा. बरे आहात ना?"

थोडं थांबून, "बराबर."

मी फोन वंदनाताईंकडं दिला. त्या उठून उभ्या राहिल्या, का कोण जाणे. "बोला बाबा," म्हणाल्या. पलीकडून काय आलं मला कळलं नाही. यांचंच बोलणं ऐकू येत होतं. "हो, जेवले... न्हाई, इकडं बी न्हाई आला पाऊस... संगीता कशी हाय?" मग त्या एकदम हसल्या. पलीकडून "गप बस गं" आलं असणार. "ठेवते बाबा," म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला, आणि तोंड धुवायला म्हणून आत गेल्या.

अ‍ॅप नव्यात न्यायचं काम पुढं एकेक करून संपत आलं. जवळजवळ सगळी गेली, थोडी सुटली. त्याच सुमाराला वंदनाताईंनी नोकरी सोडली. वडिलांना आता दिवसभर एकटं ठेवता येत नाही, एवढंच कारण दिलं. निरोपसमारंभ त्यांनी करू दिला नाही. खिडकीतले फोन प्रणवच्या टेबलावर ठेवून गेल्या.

काही महिन्यांनी कदम सरांकडं तसंच आणखी एक मोठं काम आलं. दुसऱ्या कुठल्याशा साधनाचे दिवस भरले होते. सर मला म्हणाले, "तुम्ही जाऊन बघा. घरून केलं तरी चालेल म्हणावं." म्हणून मी त्या तांड्यावर गेले, पहिल्यांदाच.

पुसेगावच्या रस्त्यावर जीपमधून उतरलं की घर समोरच दिसतं. अंगणात खाटेवर वडील बसले होते आणि वंदनाताई त्यांची दाढी करत होत्या. एका हातानं हनुवटी धरलेली, दुसऱ्या हातात वस्तरा. आजारानंतर वडिलांची मराठी गेली होती. फक्त गोरमाटी उरली होती, घरातली बोली, आणि तीही बहुतेक जुन्या दिवसांबद्दल. वंदनाताई त्यांच्याशी त्याच बोलीत बोलत होत्या, भराभर, मधेच हसत. त्यांना इतकं बोलताना मी ऑफिसात कधी ऐकलं नव्हतं.

मी सरांचा निरोप सांगितला. त्यांनी पाण्यात वस्तरा हलवला.

"सध्या न्हाई गं. मी दिसले न्हाई की हे शोधायला निघतात. मागल्या खेपेला पार रस्त्यावर गेले व्हते." मग म्हणाल्या, "प्रणवला येतं आता सगळं. त्याला दे म्हणावं. अडलं तर फोन करू दे. दोनदा विचारलं तरी सांगन मी."

चहा झाला, वंदनाताईंनी पुन्हा फेस लावून दाढी करायला घेतली. मी निघाले आणि रस्त्यावर येऊन जीपची वाट बघत उभी राहिले. तेवढ्यात वडील खाटेवरून उठले. अर्धी दाढी झालेली, अर्धा गाल पांढऱ्या फेसात. ते तसेच बांधावरून सोयाबीनच्या रानाकडं चालायला लागले, काहीतरी राहून गेल्यासारखे. मला वाटलं, वंदनाताई हाक मारतील, हाताला धरून बसवतील. त्यांनी पाण्याची वाटी उचलली, टॉवेल खांद्यावर टाकला, आणि त्यांच्या मागं चालू लागल्या.

वडील मधेच थांबायचे. हात लांब करून रानात काहीतरी दाखवायचे, बोलायचे. त्या तिकडं बघायच्या, उत्तर द्यायच्या, आणि तेवढ्यात गालावरून वस्तऱ्याचा एक हात फिरवून घ्यायच्या. ते चालू लागले की त्या पुन्हा मागं. पुढं पुन्हा थांबले, पुन्हा एक हात. दोघांनाही कसली घाई दिसत नव्हती.

जीप आली. मी मागच्या बाकावर बसले आणि वळणापर्यंत बघत राहिले. तोपर्यंत ते दोघं पार रानाच्या टोकाशी पोचले होते, आणि दाढी जवळजवळ होत आली होती.